खुणेपर्यंत तेल

कॉलेजच्या प्रयोगशाळेतले शिपाई मामा दोन वर्षं रोज भेटूनही मला 'पावणं'च म्हणायचे. त्यांची दाढ कायम दुखायची. गालावर हात असायचा आणि तोंडाला लवंगेचा वास. लवंगतेलानं बुरशी मरते; पिकाच्या उपयोगाची ट्रायकोडर्मा बुरशी त्यात टिकते का, हा माझा प्रकल्प होता. तेल कमी होतंय असं वाटून मी बाटलीवर पेनानं खूण केली.

"आमच्यावर पाळत व्हय, पावणं?" मामा हसले.

आठवड्यानं तेल घातलेल्या प्रत्येक बशीत बुरशी हिरवीगार वाढली होती. सर खूश झाले. घरातला कॉलेजात आलेला मी पहिलाच. मलाही बरं वाटलं.

"चिवट हाय की तुमची बुरशी," मामा म्हणाले.

निष्कर्ष लिहिताना सहज बाटलीकडे पाहिलं. आठवडाभर मी रोज तेल काढत होतो, तरी ते बरोबर खुणेपर्यंत होतं.