एटापल्लीकडचा गोरा शिपाई आणि माझा झाडू

आईनं हट्टच धरला. तिचे मामा महायुद्धात इटलीत पडले. तिथली एक बाई, नात्याची ना गोत्याची, दर वर्षी त्यांच्या नावाच्या दगडापाशी फुलं ठेवते आणि फोटो पाठवते. "आपण कधी कुणा परक्याला फूल वाहिलंय का?" आई म्हणाली. एटापल्लीकडच्या जंगलात एका गोऱ्या शिपायाची कबर आहे, एवढं मी ऐकून होते. झालं, साठीला टेकलेले गुडघे घेऊन निघाले.

ब्रह्मपुरीहून सकाळची एसटी, गडचिरोलीला बदला, आलापल्लीला पुन्हा बदला. पुढच्या रस्त्याची ट्रकांनी चाळण केली आहे. हौसेला मोल नसतं म्हणतात, कंबरेला असतं. एटापल्लीत वरण-भात-वांगं ऐंशी रुपयांत पोटभर मिळालं. खोलीतला पंखा नुसता आवाज करत होता.

दुसऱ्या दिवशी झेंडूची फुलं आणि झाडू घेऊन काळीपिवळीत बसले. ड्रायव्हर म्हणाला, "तिथी काऊन जाता बाई? पाहाले काईच नाई." नाल्यापाशी त्यानं उतरवलं. पुढे अर्धा तास चाल, पाणी सोबत ठेवा.

कबर सापडली, पण तिच्यावर गुडघाभर दगडगोट्यांचा ढीग. मला रागच आला. कुणी विचारत नाही बिचाऱ्याला! तासभर खपून सगळे गोटे खाली कोरड्या नाल्यात फेकले, झाडलं, फुलं मांडली, आईसाठी फोटो काढला. थकले होते, पण स्वतःवर खूश होते.

तेवढ्यात डोक्यावर मोहफुलांची टोपली घेतलेली एक बाई आली. माझ्याच वयाची असेल. तिच्या हातात एक गोटा होता.

"बाई, हे काय केल्या तुमी?"

"साफ केलं. किती कचरा होता!"

"कचरा नाई तो. इथून जाणारा एक गोटा ठेवते त्याच्यासाठी. आमच्या मेलेल्या माणसाले ठेवतो, तसाच."

"पण हा तर परका होता."

"घरून दूर मेला ना. त्याचे लोक कुठी येतीन इथी? मंग आमीच त्याचे लोक." ती नाल्याकडे बघत राहिली. "माह्या नवऱ्यानं ठेवलेलाई त्याच्यातच व्हता. माणूस गेला, आता त्याचा गोटाई गेला."

"कोणता तो? मी शोधून देते."

"गोट्यावर का नाव रायते, बाई?"

नाव नाही, म्हणजे सगळेच आणायला हवेत. मी नाल्यात उतरले. ती टोपली ठेवून माझ्यामागे उतरली. दुपार टळेपर्यंत आम्ही दोघी गोटे वर आणत होतो. झेंडू त्यांच्याखाली गेला. शेवटी तिनं येताना आणलेला गोटा ठेवला आणि एक मला उचलून दिला. तो ठेवून मी ढिगाचाही फोटो काढला.

तुम्ही जाणार असाल तर झाडू नेऊ नका. परतीची गाडी दुपारनंतर मिळणं कठीण. मी दोन तास रस्त्याकडेला बसले होते.

घरी आईला दोन्ही फोटो दाखवले आणि सगळं सांगितलं. तिनं ढिगाचा फोटो डोळ्यांजवळ धरला.

"सगळे आणलेस ना परत?"

"नाल्यात मुळातच गोटे होते गं आई, ढिगातले कोणते ते कळेना. दिसले तेवढे आणले."

तिनं फोटो खाली ठेवला आणि म्हणाली, "इटलीच्या त्या बाईला लिही. मामांच्या दगडापाशी कधी कुणी काही ठेवलेलं दिसलं, तर उचलू नको म्हणावं."