तेराव्याला फेकलेल्या लिपस्टिक

नवऱ्याच्या तेराव्याच्या दिवशी थोरल्या नणंदेने माझ्या दोन लिपस्टिक कचऱ्यात टाकल्या. ऑफिसची तपकिरी आणि लग्नकार्याची लाल. त्यांच्यासोबत फिकट गुलाबी लिप बाम होता. मेकअपचं बाकी सामान मी आधीच वाटून टाकलं होतं, एवढ्यावरच भागवत होते.

बाम तिने परत ठेवला. त्यालाही रंग आहे, हे तिला कळलं नाही.

“हे औषधाचं राहू दे, वहिनी. ओठ फुटल्यावर लागंल. बाकीचं आता कुणाला दाखवायचंय?”

“ताई, त्या मी माझ्यासाठी घेतल्या होत्या. तुमच्या भावासाठी न्हाई.”

सासूबाईंनी मला गप्प बसवलं. नणंदेला कोणीही काही बोललं नाही.

रजा संपली तेव्हा नवीन जालन्याच्या बाजारातून तशीच तपकिरी लिपस्टिक आणली. दुसऱ्या दिवशी ती लावून बियाणे कंपनीच्या ऑफिसात हजर झाले.