चॉकलेटचा भात आणि आखाडातली मासोळी

काकानं आखाती देशात परस्पर लग्न उरकलं आणि ती बातमी फोनवरून कळवली, तेव्हा आत्यानं पहिला प्रश्न विचारला, "थे भात खाते का?"

मुलगी कोण, कुठली, देव कोणता मानते, हे सगळं मागाहून. काका म्हणाला, फिलिपिन्सची आहे, तिकडे दवाखान्यात नर्स आहे, आणि सकाळ-दुपार-रात्र तिन्ही टायम भातच खाते. "मंग चालते," असं म्हणून आत्यानं फोन पापांकडे दिला. त्या क्षणापुरती काकू आमच्या भंडारा जिल्ह्याची झाली. पुढे ती इथे आल्यावर मात्र तिला फिलिपिन्सला परत पाठवण्याचं काम आत्यानं फार मन लावून केलं.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, पण राहायचो भिलाईला, सेक्टर २ मधल्या क्वार्टरमध्ये. पापा पोलादाच्या प्लांटमध्ये, आई घरात, मी पाचवीत आणि धाकटा भाऊ माझ्या मागे. आत्या म्हणजे पापांची बहीण. पापांहून लहान, काकाहून मोठी. ती दुर्गला मोहन नगरात राहायची आणि एक दिवसाआड आमच्याकडे यायची. तिचं स्वतःचं घर इतकं सुरळीत चाललेलं होतं की देखरेखीसाठी तिला आमचंच उरलं होतं.

काकू आली जुलैत, काकाच्या सुटीबरोबर. तिला बघायला क्वार्टरांची अख्खी लाइन जमली. 'फॉरेनची बहू' म्हटल्यावर लोकांनी सोनेरी केस गृहीत धरले होते. रिक्षातून उतरली ती पाच फुटांची, सावळी, काळ्याभोर केसांची, हसऱ्या तोंडाची बाई. "ये तो अपने जैसी ही है," शेजारची भाभी म्हणाली. सुरात तक्रार होती, जणू कोणी वजनात मारलं होतं.

काकानं दोन दिवस तिला मिरवलं आणि मग तो मोटरसायकलवर जुन्या दोस्तांना भेटायला जायला लागला. सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा. दोस्त फार होते. काकू आमच्यात राहिली. तिला हिंदी यायची, पण ती आखातात शिकलेली, पेशंटला गोळ्या देण्यापुरती: "तुम खाना खाता? हम पानी लाता?" आईची हिंदीही फार वेगळी नव्हती, त्यामुळे दोघींचं छान जमलं. मोठ्या बहिणीला तिच्या भाषेत 'आते' म्हणतात, म्हणून ती आईला आते म्हणायची. यात एकच अडचण होती. काकूनं स्वयंपाकघरातून "आते!" अशी हाक मारली की बाहेरच्या खोलीतून आत्या "काय वं?" म्हणून उठायची. काकू घाबरून "नो, नो, आते!" म्हणायची, आणि आत्याला वाटायचं ही आपल्याला दोनदा बोलावून नाही म्हणते.

मग झड लागली. भिलाईची झड म्हणजे आकाश राहायला येतं आणि सामानसुद्धा घेऊन येतं. शाळेत पाणी शिरलं आणि सुटी जाहीर झाली. आमचे कपडे वाळेनात, भिंतीला ओल आली, आणि काकू मागच्या दारात पायरीवर बसून अंगणातल्या पेरूवर पडणारा पाऊस बघत राहिली. तिला बघून आई म्हणाली, "बाई गं, कावून बसली अशी? तब्येत ठीक नही?"

काकूनं मान हलवली आणि म्हणाली, "आते, मेरा घर में ऐसा बारिश, मम्मी बनाता चांपोरादो."

हा चांपोरादो काय आहे ते समजून घ्यायला आम्हाला अर्धा तास लागला. भात. चिकट भात. त्यात चॉकलेट. त्यात साखर, वरून दूध. इथपर्यंत मी आणि भाऊ टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. मग तिनं हातानं मासा काढून दाखवला आणि म्हणाली, "साथ में ड्राय फिश. फ्राय."

"चॉकलेटच्या भातासंग सुकी मासोळी?" आईनं मला विचारलं. आपली हिंदी कमी पडते आहे असं तिला वाटलं असावं. मी परत विचारलं. हो, तेच. एक घास गोड, एक घास खारट. काकू सांगत होती आणि सांगता सांगता तिचे डोळे भरून आले. आमच्या घरात बायका रडायच्या त्या सासर, माहेर, आजारपण अशा मान्यताप्राप्त कारणांसाठी. मासोळीसाठी रडणारी बाई मी पहिल्यांदा बघितली.

आई उठली आणि म्हणाली, "ठीक. करू."

चिकट तांदूळ आमच्या गावात मिळेना, पण त्याची गरजच पडली नाही. रेशनच्या जाड्या तांदळाचा आईचा भात जन्मभर गिचका होत आला होता, त्यावरून आत्यानं तिला जन्मभर ऐकवलं होतं. काकूनं तो चमच्यानं उचलून बघितला आणि म्हणाली, "परफेक्ट!" आईला स्वयंपाकाचं सर्टिफिकेट मिळायला फिलिपिन्सहून परीक्षक यावा लागला. कोको पावडर मी आणि काकू सिविक सेंटरला जाऊन केकचं सामान ठेवणाऱ्या दुकानातून आणली. सुक्या मासोळीचं काय, असं मी विचारलं, तर आई म्हणाली, "थे मी पाहते." ती एकटीच छत्री घेऊन सुपेल्याच्या बाजारात गेली आणि कोथिंबिरीच्या जुडीखाली, पिशवीत पिशवी घालून मासोळी घेऊन आली. कुठे मिळते, कोण विकतं, हे तिला बरोबर माहीत होतं. आमच्या घरात तर सुकी मासोळी कधी येत नसे. मला त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही. मुलं अशा बाबतीत सोयीस्कर मूर्ख असतात.

आता एक धार्मिक बाब. आमच्या शेजाऱ्यांचा सावन लागला होता. उत्तरेकडच्यांचा महिना आपल्याआधी पंधरा दिवस सुरू होतो, त्यामुळे आमचा अजून आषाढच, म्हणजे आखाड, चालू होता. ज्या लाइनीत आम्ही राहायचो तिथे अर्धे लोक उपाशी आणि अर्धे कोंबडी खात, असा तो पंधरवडा असायचा. आत्या मात्र दोन्ही पाळायची. शेजाऱ्यांचा सावन आणि आपला श्रावण, असा दीड महिना ती शुद्ध असायची आणि बाकीच्यांनीही असावं यासाठी झटायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी पातेलं चढलं. घरभर चॉकलेटचा वास सुटला. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या अम्मा जिन्यावरून डोकावल्या, "क्या बन रहा है?" भाऊ ओरडला, "चांपोरादो!" अम्मांना कमी ऐकू यायचं. चंपारण, म्हणजे रायपूरकडचं तीर्थ, असं त्यांना ऐकू आलं. तिकडून कोणीतरी प्रसाद आणला असं समजून त्यांनी हात जोडले आणि वाटी पाठवली. आईनं त्यांना वाटीभर दिलं, मासोळीशिवाय. अम्मांनी ते डोळे मिटून खाल्लं आणि दिवसभर लाइनीत सांगितलं की चंपारणला आता प्रसाद चॉकलेटचा मिळतो.

मग आईनं तेलात मासोळी सोडली.

त्या वासाबद्दल काय सांगू. चॉकलेटचा वास सभ्य माणसासारखा दारात थांबतो. सुक्या मासोळीचा वास थांबत नाही. तो खिडकीतून गेला, जिन्यानं वर चढला, पलीकडच्या दोन क्वार्टरांत शिरला आणि माझ्या अंदाजानं प्लांटच्या गेटावर त्याला पासही विचारला गेला नसावा. भाभीनं धाडकन खिडकी लावली. आणि नेमकी तेव्हाच, भिजलेली छत्री झटकत, आत्या दारात उभी राहिली.

ती आत आली नाही. उंबऱ्यावरूनच तिनं पदर नाकाला लावला.

"सावनात?" ती म्हणाली. "ह्या घरात? कोणं तळलं हे?"

काकूला एवढंच समजलं की कोणी केलं असं विचारलं जातंय. ती आनंदानं, आईचं कौतुक व्हावं म्हणून, म्हणाली, "आते! आते बनाया!"

"मी?" आत्या किंचाळली. "मी बनवलं? मी आत्ता आली दुर्गहून! पाहा बाप्पा, तोंडावर खोटं बोलून राहिली ही!"

मला आणि भावाला हसू आवरेना. काकूचा चेहरा उतरला. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. आत्या काकूकडे बोट करून म्हणाली, "हिले आजच सांगते. आमच्या घरात असं चालत नाई. हिले नसन जमत तर—"

"मीनं तळली," आई म्हणाली.

ती झाऱ्या हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात आली होती. आईला आत्यासमोर मान वर करून बोलताना मी कधी बघितलं नव्हतं. आताही ती फार वर नव्हती, पण होती.

"तुमी?" आत्या म्हणाली. "वहिनी, सावनात?"

"सावन ह्या शेजाऱ्यायचा आहे, बाई. आपला आखाड आहे अजून. आखाडात तर तळतेतच."

आत्यानं नाकावरचा पदर काढला. शास्त्र तिचंच होतं, फक्त कढईत दुसरंच काही होतं. "आखाडात पुऱ्या तळतेत, कापण्या तळतेत," ती म्हणाली. "हे मासोळ्या कोण तळते?"

"माह्या घरी तळत," आई म्हणाली. "वैनगंगेवरचं गाव आहे माहं. लगन होऊन आली तेव्हा आईनं डब्यात वाळले झिंगे देले होते. अशीच झड होती. तुमी तो डबा नालीत ओतला. म्हने, आजूबाजूले साहेबलोक राहतेत, वास जाईन. मी काई बोलली का? नाई बोलली. पण हिले कोणी बोलाचं नाई. हे पोरगी इतल्या दूरून आली अन् एक वाटी भात मागून राहिली."

सगळं एका दमात बोलली आणि आत गेली, कारण तेल तापत होतं. मला आजही आठवतं, एवढं होऊनही मासोळी एकही करपली नाही.

आत्या पापांची वाट बघत व्हरांड्यात खुर्ची टाकून बसली. पापा फर्स्ट शिफ्ट करून भिजत घरी आले. आत्यानं त्यांना सगळं सांगितलं. पापांनी घरातल्या भांडणांत घ्यायची ती भूमिका घेतली, म्हणजे बूट काढले, हात धुतले आणि जेवायला मागितलं. आईनं वाटी पुढे ठेवली, बाजूला मासोळी. पापांनी एक चमचा भात खाल्ला, थांबले, मासोळीचा तुकडा मोडला, परत भात खाल्ला.

"हे का होय?" त्यांनी विचारलं.

"चांपोरादो," आम्ही एका सुरात म्हणालो.

"बरं लागते," पापा म्हणाले आणि वाटी पुढे केली.

आत्या तशीच पावसात निघाली. मोहन नगरात तिनं काय सांगितलं ते आम्हाला नातेवाइकांकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. त्यात मासोळीचा सरळ मोठा मासा झाला होता आणि आत्यानं तो स्वतःच्या हातानं बाहेर फेकला होता. आमच्या श्रावणाच्या पहिल्या सोमवारी ती परत आली, काही घडलंच नाही अशी. आईनं तिला साबुदाण्याची खिचडी दिली. खिचडी गिचकी होती. आत्या त्याबद्दल चक्क काही बोलली नाही.

चांपोरादोच्या दिवशी मी किती वाट्या खाल्ल्या ते आईनं मोजू दिलं नाही. पहिला घास विचित्र लागला होता, हे कबूल. कडसर गोड, गरम, घोटलेला भात, आणि त्यावर मासोळीचा कुरकुरीत खारट तुकडा. तोंडाला काही क्षण कळत नाही की कोणाचं ऐकावं. मग कळतं. काकू शेजारी बसून आमच्याकडे बघत होती आणि स्वतः जेवायचं विसरली होती. आईनंच तिच्या हातात वाटी दिली.

काकाची सुटी संपली आणि दोघं गेली. काही वर्षांनी काकानं आखातही सोडलं आणि तो तिच्या गावी जाऊन राहिला. आता तो व्हिडिओ कॉलवर आम्हाला सांगतो की इकडे पाऊस फार पडतो. म्हणजे जगातली ही बातमी त्याला आत्ता कळली. आई आणि काकू मात्र तासभर बोलतात, आई आपल्या मराठीत, काकू आपल्या हिंदीत, आणि मध्ये पडून भाषांतर करणाऱ्या माणसाला दोघीही गप्प बसवतात.

मागच्या पावसाळ्यात मी आईला रायपूरला एका मोठ्या मॉलमध्ये घेऊन गेले. तिथल्या कॅफेच्या मेनूवर 'चांपोरादो' वाचून मी उडालेच. मागवला. उंच काचेच्या ग्लासात आला, थंड, वर क्रीमचा डोंगर, डोंगरावर पुदिन्याचं पान. भात तळाला, लाजून बसल्यासारखा. आईनं चमचा घालून खालपर्यंत शोधलं.

"मासोळी कुठी आहे?" तिनं विचारलं.

"नसते इथं, आई. हा मॉल आहे."

तिनं तो सगळा संपवला, कारण अन्न टाकायचं नसतं. मग वेटरला बोलावून समजावल्यासारखं म्हणाली, "भैया, इसके साथ सूखी मछली लगती है. तली हुई."

"जी मॅडम," तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "फीडबॅक दे देंगे," आणि दोन पावलं मागे सरकला.