बॉनेटवरचे रोल

माझा हात कच्चा नव्हता. एवढंच वाक्य खामगावच्या शेठच्या तोंडून ऐकायला मी निम्मं आयुष्य थांबलो. गेल्या मे महिन्यात ते ऐकलं, आणि तो दिवस आठवला की अजूनही मला खुर्चीत बसवत नाही.

धाडला माझा फोटो स्टुडिओ आहे. कोणी शिकवलं नाही, कोणी भांडवल दिलं नाही. आठवडी बाजारात मागे पडदा बांधून पासपोर्ट फोटो काढत इथवर आलो. भाव करण्यात मला कोणी हरवलेलं नाही आणि आवाज चढवायला मला वेळ लागत नाही, हे गावाला ठाऊक आहे. फक्त एका लग्नाचं नाव निघालं की मी गप्प बसायचो.

ते लग्न आमच्याच गावातल्या ताईचं. बौद्ध पद्धतीचं लग्न, नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत. कॅमेऱ्याचे रोल मी खामगावच्या शेठच्या दुकानातून एसटीनं मागवले होते. फोटो धुऊन आले ते भलतेच. ताईची पांढरीशुभ्र साडी मळकट जांभळी दिसत होती, नवरदेवाचे काळे केस राख फासल्यासारखे. मी शेठच्या दुकानात जाऊन ओरडलो, "शिळे रोल दिले तुम्ही!" शेठनं भर गिऱ्हाइकांत उत्तर दिलं, "रोल ताजे होते. तुमचा हात कच्चा हाये. झाकण उघडून लाईट लागू दिली असन."

लाईट लागली तर ती एका कडेनं पट्टा मारते. इथे तर सगळ्या रोलवर सारखंच धुकं होतं. पण ऐकतो कोण? हात कच्चा, हे माझ्या नावाला चिकटलं.

आता पुन्हा पोरांना फिल्मच्या फोटोंचं वेड लागलं आहे. मी कलरचे रोल स्टुडिओतच धुतो. अशात ताईच्या मुलीचं लग्न ठरलं आणि मुलीनं हट्ट धरला की फोटो फिल्मवरच पाहिजेत. मी न बोलावता ताईच्या घरी गेलो.

"दादा, बसा, चहा घ्या," ताई म्हणाली. "पण फोटोचं मी बाहेर सांगणार हाय."

"काऊन? गावात मी असताना?"

"माझी साडी अजून जांभळीच हाय अल्बमात. पोरीची तरी पांढरी राहू द्या."

तिनं हे हसत म्हटलं, म्हणून जास्त लागलं. तडक बस स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर येऊन बसलो आणि रागात शेठचा उद्धार सुरू केला. शेजारी एसटीचा ड्रायव्हर बशीत चहा ओतत होता. याच मार्गावर त्याची नोकरी सरत आली. त्या काळी खामगावहून पार्सलं त्याच्याच हाती यायची.

"ते लग्नाचं पार्सल?" तो म्हणाला. "ध्यानात हाये मले. तुमच्या हातात द्याचं इसरलो होतो. गाडीसंगं जालन्याले गेलं, वापस आलं, आणखी गेलं. पण जपलं बरं का! टपावर नाही फेकलं. बॉनेटवर ठेवलं, डोळ्यासमोर."

"बॉनेटवर?"

"मंग! मानाची जागा हाये ते."

ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनावरचा तो उंचवटा ज्यानं पाहिला आहे, त्याला कळेल. ओळखीच्या माणसाला तिथे घोंगडी घालून बसवतात आणि उन्हाळ्यात घोंगडीवरूनही माणूस दर दोन मिनिटांनी बूड उचलतो. माझे कोरे रोल तिथे दिवसच्या दिवस शेकत होते! एकही फोटो काढायच्या आधीच त्यांच्यावर धुकं बसलं होतं. मी इतक्या जोरात उठलो की बाक उलटला आणि ड्रायव्हरचा चहा त्याच्या खाकी शर्टावर गेला.

"अबे, मी काय वाईट केलं?" तो ओरडला.

"काहीच नाही! आता पुन्हा तसंच करायचं!"

शेठला फोन लावला. "एका पेटीतले दोन ताजे रोल पाठवा."

"काऊन, आता कोनाची साडी रंगवता?"

मी फोन कापला. पण रोल त्याच्याकडेच होते, म्हणून पुन्हा लावला आणि सौदा मांडला. एक रोल बॉनेटवर फिरवायचा, एक थंडाव्यात ठेवायचा. बॉनेटवरचा स्वच्छ निघाला तर माझा हात कच्चा होता असं मी बाजाराच्या दिवशी चौकात म्हणेन. खराब निघाला तर शेठनं धाडला येऊन ताईसमोर बोलायचं.

"अन् माझे रोल शिळे असं तुम्ही जिल्हाभर सांगितलं, त्याचं काय?"

"तेही वाक्य परत घेईन. वाक्याला वाक्य."

"मंजूर."

एक रोल ड्रायव्हरनं तसल्याच एका जुन्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि जालन्याच्या फेऱ्या मारल्या. दुसरा आमच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी. बायको कडाडली, "उद्या याची भाजी करू का?" वापरायच्या आदल्या दिवशी तो डबी न उघडता बाहेर काढून ठेवला, नाहीतर थंड फिल्मला घाम फुटतो.

फोटो काढायच्या दिवशी सगळे स्टुडिओत जमले. शेठ छातीवर हात बांधून आला. ताई येताना लग्नातली तीच साडी घेऊन आली. ती अंगणात दोरीवर पसरली आणि एकाच कॅमेऱ्यानं, एकाच उन्हात, दोन्ही रोलवर तिचे फोटो काढले. मग डार्करूमचं दार लावलं. दोन्ही रोल एकाच टाकीत, एकाच पाण्यात धुतले, म्हणजे शेठला बोट ठेवायला जागा नको. बाहेरून तो दारावर थापा मारत होता, "आटपलं का? का झाकण उघडून राह्यले?"

ओल्या फिल्म बाहेर आणून दोरीवर टांगल्या. फ्रिजमधलीच्या रिकाम्या कडा स्वच्छ नारिंगी, कलर फिल्मच्या असायला हव्यात तशा. बॉनेटवरचीच्या कडा धुरकट, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या. पट्टा नाही, डाग नाही. वाळल्यावर कॉम्प्युटरवर घेतल्या. पहिली साडी पांढरी. दुसरी उघडली आणि ताई जवळजवळ किंचाळली, "हेच! अल्बमातली माझी साडी!"

मी शेठकडे वळलो. "बोला."

"तुमचा हात काही वाईट नव्हता."

"हे चालणार नाही. कच्चा म्हणाला होता, पक्का म्हणा."

"बराचसा पक्का."

"शेठ!"

"पक्का होता, बाप्पा! पक्का!" तो ओरडला. "आता तुम्ही?"

ताई माझ्याकडे पाहत होती. "रोल ताजे होते," मी म्हणालो, आणि लगेच जोडलं, "पण ड्रायव्हरच्या हाती तुम्हीच दिले होते." त्यावरून आमचं पुन्हा जुंपलं.

"दोघंही थांबा," ताई म्हणाली. "पोरीचे फोटो दादाच काढतील. पण रोल शेठनं स्वतः आणाचे."

लग्नाच्या आदल्या दिवशी मी खामगावला गेलो, कारण शेठवर माझा तेवढा विश्वास अजून बसलेला नाही. रोल बर्फाच्या थर्मासमध्ये, फडक्यात गुंडाळलेले. शेठसोबत बसमध्ये चढलो तर तोच ड्रायव्हर. त्यानं बॉनेटवर घोंगडी झटकली आणि मोठ्या मनानं हाक मारली, "या शेठ, या भाऊ, तुमच्यासाठी जागा राखली हाये!"

आम्ही दोघं सर्वात मागच्या बाकावर जाऊन बसलो. थर्मास कोणाच्या मांडीवर राहायचा, यावर बुलढाण्यापर्यंत भांडलो. धाड आलं तेव्हा तो माझ्या मांडीवर होता.