टाकी जमिनीवर आली

मारेगाव रस्त्यावरच्या एका सरकी तेलाच्या मिलमध्ये मी तेल तपासायचं काम करते. राहते वणीत. सकाळच्या बसने जाते, संध्याकाळच्या बसने येते. प्रयोगशाळा म्हटलं की लोकांना पांढरे कोट आठवतात. आमची प्रयोगशाळा म्हणजे वजनकाट्यामागची एक खोली, एक शेगडी, दोन तराजू आणि सरकीचा वास. तो वास आंघोळ केली तरी केसांतून जात नाही. माझ्या मुलीने लहानपणी तो माझाच वास आहे असं मानलं होतं, आता ती मोठी झाली आणि नाक मुरडते.

काही वर्षांपूर्वीपर्यंत आमची तेलाची मोठी टाकी जमिनीखाली होती. सिमेंटची, दोन पुरुष खोल, वर लोखंडी झाकण. मालकांच्या वडिलांनी बांधलेली. खाली तेल थंड राहतं, जागा अडत नाही, कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, असं ते म्हणायचे. त्यात खोटं काही नव्हतं. पण आमच्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दरवर्षी अशा हलणाऱ्या जमिनीत पुरलेली भिंत किती दिवस शाबूत राहील, हा प्रश्न कुणी विचारला नाही. मीही नाही.

टाकीचं सगळं काम एका माणसाकडे होतं. जवळच्या तांड्यावरचे, पन्नाशी ओलांडलेले, उंच आणि सडपातळ. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुखभर फिरायचे, हे ते अभिमानाने सांगत. स्वतः मात्र त्यांनी सगळा जन्म एका झाकणाभोवती काढला. सकाळी झाकण उघडायचं, लांब पट्टी आत सोडायची, तेल किती ते वाचायचं आणि तळातलं थोडं तेल बाटलीत काढून मला आणून द्यायचं. मी ते वाटीत घालून शेगडीवर ठेवायची. चांगलं तेल मुकाट्याने तापतं. पाणी असलं की तडतडतं.

एका पावसाळ्यात, मशीन दुरुस्तीसाठी बंद असताना, काका दारात येऊन उभे राहिले.

"बाई, तेल वाढून राह्यलं."

"वाढेल कसं? घाणे तर परवापासून बंद आहेत."

"तेच त सांगून राह्यलो. चार बोटं वर आलं. पट्टी दोनदा टाकून पाह्यली म्या."

मी वाटी तापवली. तेल असं तडतडलं की माझ्या मनगटावर फोड आला. भिंत कुठेतरी फाटली होती आणि जमिनीतलं पाणी आत येत होतं. पाणी आत येत असेल तर कोरड्या दिवसांत तेल बाहेरही जात असणार. पण जमिनीखालचं कुणाला दिसतं? मी मालकांना सांगितलं. माणूस वाईट नव्हता. वडिलांनंतर मिल अंगावर पडलेली, कायम घाईत. म्हणाले, "सध्या पाणी उपसून घ्या. सीझनच्या आधी टाकी रिकामी करून प्लास्टर करू."

त्या पावसाळ्यात आम्ही तीनदा पाणी उपसलं. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता काहीतरी करायला हवं. मग बसची वेळ व्हायची.

दसऱ्याच्या आसपास टाकी रिकामी केली. तळाला गाद राहिली, गुडघाभर नाही पण घोट्याच्या वर. पाण्याने सडलेली, काळी. झाकण रात्रभर उघडं ठेवलं, तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं. काका दरवर्षीच उतरायचे. उतरताना कमरेला दोर बांधायचे आणि त्याचं दुसरं टोक वर खांबाला. कुणी हसलं तर म्हणायचे, "याडीनं शपथ घालेल हाय." याडी म्हणजे त्यांची आई. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, शपथ मात्र चालू होती.

सकाळचे अकरा वाजले असतील. गवंडी माल कालवायला शेडमध्ये गेला होता, म्हणून टाकीच्या तोंडाशी मी उभी होते. काका खालून बोलत होते.

"सापडली बाई. उगवतीकडच्या भिंतीले हाय. पुरा हात जाते."

"किती लांब आहे?"

"थांबा, पाह्यतो." मग थोडं थांबून, "वास लय हाय वो आज."

"वर या मग. आधी वर या काका."

बादली आपटल्याचा आवाज आला. त्यानंतर काहीच नाही. मी वाकून हाक मारली. अंधारात त्यांची पाठ तेवढी दिसत होती, शिडीच्या पायाशी वळलेली.

मी किती जोरात ओरडले ते मला आठवत नाही. आमचा फिटर सगळ्यात आधी धावत आला. पंचवीस वर्षांचा दांडगा गडी, काकांना बापासारखा मानणारा. त्याने विचार न करता शिडीवर पाय टाकला. मी त्याचा शर्ट मागून दोन्ही हातांनी धरला.

"उतरायचं नाही! खाली हवा नाहीये. तूही पडशील."

"सोड! मरून राह्यला तो अन् तू मले धरून ठेवतं?"

त्याने मला ढकललं. माझं कोपर झाकणाच्या कडेवर आपटलं, पण शर्ट मी सोडला नाही. कॉलेजात शिकलेलं रसायनशास्त्र मला आयुष्यात तेवढ्याच वेळी उपयोगी पडलं. सडलेल्या गाळातून कसला वायू निघतो आणि तो खड्ड्यात कसा साचून राहतो, हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी काकांना उतरू दिलं होतं, हे त्याच क्षणी कळलं.

"दोर ओढा," मी म्हणाले. "कम्प्रेसरचा पाइप आणा, हवा सोडा आत."

दोर होता म्हणून. चौघांनी ओढला. काका शिडीच्या पायरीत अडकले, पुन्हा सैल सोडावं लागलं, पुन्हा ओढावं लागलं. वर आले तेव्हा अंगभर काळी गाद आणि ओठ निळे. मालकांनी स्वतः गाडी काढली. वणीला, तिथून यवतमाळला.

काका वाचले. पंधरा दिवसांनी घरी आले. पण आले ते पूर्वीचे नाहीत. दहा पावलांवर दम लागायचा. बोलता बोलता शब्द हरवायचा, मग ते समोरच्याकडे असे पाहायचे की शब्द आपणच लपवला आहे असं वाटावं.

मी तांड्यावर भेटायला गेले. काकू चुलीपाशी होती. चहा दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तूच होती ना वरतं? पोरगा उतरून राह्यलता, त्याले तूच आडवलं म्हणते लोक."

मी हो म्हणाले.

"काहून आडवलं?"

यवतमाळच्या डॉक्टरांनी फिटरला सांगितलं होतं की दुसरा माणूस उतरला असता तर दोघेही गेले असते. ते मी तिला सांगू शकले असते. पण नवऱ्याचा श्वास मोजत बसलेल्या बाईला हा हिशेब काय सांगायचा? चहा संपवून मी उठले.

पुढच्याच आठवड्यात मालकांनी मला बोलावलं. "टाकी आता वरती बांधायची," ते म्हणाले. "पण माझे नागपूरचे चुलते भागीदार आहेत, ते ऐकणार नाहीत. तुम्ही शिकलेल्या आहात. जमिनीवरच्या टाकीचे फायदे काय ते एका कागदावर लिहून द्या."

मी दोन संध्याकाळी बसून लिहिलं. चहूबाजूंनी दिसते, त्यामुळे गळती पहिल्या थेंबालाच कळते. तळाशी, बाजूला, माणूस वाकून आत जाईल असं दार ठेवता येतं. ते आणि वरचं झाकण दोन्ही उघडली की हवा आरपार खेळते. गाद बाहेरून नळीने काढता येते, उतरावं लागत नाही. जमिनीतलं पाणी आत येत नाही. खोदाई नाही, काम लवकर होतं. पुढे धंदा वाढला तर शेजारी दुसरी उभी करता येते. भोवती बुटकी भिंत घातली तर टाकी फुटली तरी तेल कुणाच्या शेतात जाणार नाही. तोटेही लिहिले: जागा जाते, उन्हाने तेल तापतं, म्हणून पांढरा रंग आणि वर पत्र्याची सावली हवी. एवढं सगळं मला आधीही माहीत होतं. कुणी विचारलं नव्हतं म्हणून लिहिलं नव्हतं, असं स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही.

नागपूरचे भागीदार आले. कागद वाचून म्हणाले, "चाळीस साल से तो नीचे ही थी."

फिटर कोपऱ्यात उभा होता. तो म्हणाला, "साहेब, एकदा वाकून पाहा ना आत."

ते झाकणापर्यंत गेले. वाकले नाहीत. परत येऊन खुर्चीत बसले आणि बांधा म्हणाले.

उन्हाळ्यात टाकी उभी राहिली. मुरूम टाकून, दाबून पाया केला, वर लोखंडी पत्रे जोडत नेले. आधी पाणी भरून आठवडाभर ठेवलं, कुठे ओल येते का पाहायला. आली नाही. मग तेल भरलं. चौथ्या दिवशी सकाळी मी भोवती फेरी मारत होते, तर खालच्या नळाच्या जोडावर एक थेंब लोंबत होता. फिटरला हाक मारली. त्याने पाना लावला, दोन आटे आवळले, फडक्याने पुसलं.

"झालं," तो म्हणाला.

मी तिथेच टाकीभोवतीच्या बुटक्या भिंतीवर बसले. इतकंसंच असतं हे. दिसलं की होतं. फिटर पाना हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला आणि मग माझ्या शेजारी बसला. त्या दिवसानंतर तो माझ्याशी नीट बोलला नव्हता. तेव्हाही बोलला नाही, पण बसला.

काकांना मालकांनी गेटवर बसवलं होतं. आलेल्या ट्रकचा नंबर लिहायचा, एवढंच. पण नंबर वाचून वहीकडे वळेपर्यंत तो विसरायचा. ड्रायव्हर हसायचे. एके दिवशी काका माझ्या खोलीत आले, दाराला धरून दम घेतला.

"बाई, म्या चाललो. पोरीकडं, उमरखेडले. इथं बसून कायले लोकायले तरास?"

"काका, नवी टाकी पाहिली का तुम्ही?"

"पाह्यली ना. मोठी हाय. बरी हाय." जरा थांबले. "त्या दिवशी तुमी त्या पोराले धरलं, ते मले मंग समजलं. बुढीले सांगतलं म्या. ते आयकत नाही. तिचं मनावर घेऊ नका."

मी त्यांना बसायला स्टूल पुढे केलं.

जायच्या दिवशी मी अर्धा दिवस रजा टाकून स्टँडवर गेले. काकू गाठोड्यावर बसली होती. यवतमाळला गाडी बदलायची होती, ते मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून काकांच्या खिशात ठेवलं. बस लागली. काकू चढताना थांबली, माझ्या हातातली पाण्याची बाटली मागून घेतली आणि वर गेली. खिडकीतून तिने पाहिलं नाही. काका हात हलवत होते, बहुतेक मला, किंवा स्टँडवरच्या सगळ्यांनाच.

मिल अजून चालू आहे. काकांच्या जागी कुणी आलं नाही, म्हणून तेल मोजायला आता मीच टाकीची शिडी चढते. सव्वीस पायऱ्या आहेत. गुडघे दुखतात, मधल्या पायरीवर थांबावं लागतं. वर पोचलं की मारेगावपर्यंतची कपाशी दिसते आणि वारा लागतो. मी पट्टी सोडते, आकडा वाचते, खाली उतरते. मग तेल शेगडीवर ठेवते.