रविवारच्या कप्प्यातला फोटो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि सांगताना रडणार नाही – रडण्यावरूनच तर सगळं सुरू झालं.

आम्ही तिघं भावंडं. दादा चेन्नईत, वेलचेरीला, आयटीत. मी मधली, बँकेत. धाकटा नंदू. नंदूला ऑटिझम; वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत तो साताऱ्याला आईजवळ होता. दोन हजार चारमध्ये आई गेली आणि दादानं त्याला चेन्नईजवळ, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे एका निवासी संस्थेत ठेवायचं ठरवलं. मी रडून विरोध केला. तेव्हा तेराव्याला, भरल्या घरात, माझ्या सासूसमोर तो म्हणाला, "सुमीला फक्त रडता येतं. ने ना मग तुझ्या घरी!"

नेणार होते का मी? नाही. त्याचं खरं होतं, म्हणून तर इतकं झोंबलं. त्या क्षणी मी मनात गाठ मारली.

पुढच्या वर्षी माझी बदली चेन्नईलाच झाली. मी शनिवारी नंदूला भेटायला जायची, दादा रविवारी. संस्थेत प्रत्येकाचा भिंतीवर एक तक्ता होता. आंघोळ, इडली, कागदी पिशव्या करणं, फिरणं – जे घडणार त्याचं चित्र आदल्या संध्याकाळी त्या वाराच्या कप्प्यात लावायचं. कुणी भेटायला येणार असेल तर त्याचा फोटो. नंदूचा त्या तक्त्यावर देवासारखा विश्वास. दादाचा फोटो दिसला की तो सकाळीच फाटकाशी जाऊन म्हणत बसे, "दादा आज. दादा आज."

एका शनिवारी कळलं, दादा कंपनीच्या कामाला बंगळूरला गेलाय, उद्या येणार नाही. त्यानं संस्थेला तसं कळवलंही होतं. निघताना मी तक्त्याखालच्या चित्रांच्या डब्यातून दादाचा फोटो काढला आणि रविवारच्या कप्प्यात लावला.

हो, मीच लावला.

रविवारी दुपारी मी साळसूदपणे फोन केला. नंदूला सांभाळणाऱ्या सेल्वी अक्कांचा आवाज रडवेला होता. "तंबी कालैलेर्न्दु साप्पिडवे इल्लै, मॅडम." सकाळपासून जेवलाच नव्हता. फाटकावर डोकं आपटत होता, मनगट चावून रक्त काढलं होतं. आणि मला काय वाटलं, सांगू? वाटलं – बरं झालं. आता दादाला विचारतील.

विचारलंच. पुढच्या रविवारी मुद्दाम मीही गेले. संस्थेच्या बाईंनी सगळ्या पालकांसमोर दादाला झाडलं – येणार म्हणता आणि येत नाही? तो शपथा घेत राहिला, "मी येतो म्हटलंच नव्हतं!" त्याच्या निरोपाची कुठे नोंद नव्हती आणि फोटो तर तक्त्यावर होता; कुणाला पटलं नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे रे दादा, होतं असं." आयुष्यात इतकं गोड वाक्य मी बोललेली नाही.

पण नंदू? त्यानंतर दादाचा फोटो लागला की तो उपटून काढी आणि सेल्वी अक्कांच्या हातात देई. दादा समोर बसला तरी छताकडे बघत राही. केळ्याचे वेफर्स घेऊन दादा वर्षभर येत राहिला. मग येणं कमी झालं. मग तो अमेरिकेला गेला.

अजून फोन करतो. "सुमे, माझं काय चुकलं गं? तो माझ्यावर का रुसला?" मी म्हणते, "काही नाही रे." आणि खोटं कशाला बोलू – तेव्हा अजूनही क्षणभर बरं वाटतं.

माझ्या फोटोवर मात्र नंदूचा विश्वास आहे. शनिवारी तो फाटकाशी उभा असतो. "ताई आज," म्हणतो आणि हात पुढे करतो. मी त्याचं मनगट धरते. दातांचे व्रण माझ्या बोटांना लागतात.