नर्मदाबाईची उन्हावरची गाडी

नर्मदाबाई शिरपूरपलीकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात नर्स होती. लहानपणी पोलिओने तिचा एक पाय अधू झाला होता. तिचा नवरा भिकन वेल्डिंगची कामं करायचा. त्याने तिच्यासाठी मोटर आणि ट्रकच्या बॅटऱ्या जोडून तीनचाकी गाडी बनवली. गावात विजेचा काही भरवसा नव्हता, म्हणून भंगारातल्या सौर दिव्यांची पॅनेलं आणून त्याने घराच्या पत्र्यावर बसवली. उन्हावर बॅटऱ्या भरायच्या आणि नर्मदाबाई वाड्यापाड्यांवर फिरायची.

चौऱ्याण्णवच्या श्रावणात आठवडाभर सूर्य दिसला नाही. नेमका तेव्हाच वरच्या पाड्यावरून निरोप आला, की ताईबाईचं बाळंतपण अडलंय. नर्मदाबाईने बॅग उचलली आणि भिकनसोबत निघाली. अर्ध्या चढावर गाडी थांबली.

"बॅटरी बठ्ठी उतरी गयी," भिकन म्हणाला. "तू बठी ऱ्हाय, मी ढकलस."

चाकं चिखलात रुतत गेली. भिकनला धाप लागली, तरी गाडी तसूभर हलेना.

"अहो, सोडा ती गाडी! तिकडे जीव जातोय, मला पाठीवर घ्या," नर्मदाबाई रडत ओरडली.

बायकोला पाठीवर घेऊन घसरत, पडत भिकन पाड्यावर पोचला. ताईबाई वाचली. बाळ मात्र रडलंच नाही.

"अक्का, तू उनी म्हणून मी जित्ती शे," ताईबाईने तिचा हात धरला. नर्मदाबाईला तिच्याकडे बघवेना. गाडी चढली असती तर, एवढंच तिच्या मनात घोळत राहिलं.